लाकडी घाण्याच्या तेलाची विक्री वाढवायची आहे, जाहिरातीचा पैसा कुठे घालावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. कराडात लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. दोन घाणे आहेत, एका घाणीला १२ ते १५ किलो दाणे बसतात. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरं अशी चार तेलं काढतो. महिन्याची विक्री २०० लिटरच्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त शेंगदाणा. अन्नसुरक्षा परवाना आहे, तेल लेबल लावलेल्या बाटलीतूनच विकतो.

अडचणी दोन. रस्त्यावरून आत आलेलं गिऱ्हाईक दर ऐकतं आणि "किराणा दुकानात निम्म्यात मिळतं" म्हणून परत जातं. आणि ज्यांनी एकदा नेलं त्यातले बरेच दुसऱ्यांदा दिसत नाहीत.

जाहिरातीसाठी महिन्याला सहा हजारांपर्यंत काढू शकतो. एक एजन्सी इन्स्टाग्राम सांभाळायचं पॅकेज देतेय, महिन्याला १२ पोस्ट. फ्लेक्स आणि रिक्षामागची जाहिरात असेही पर्याय समोर आहेत. यातलं काय धरावं, काय सोडावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

हिशोबाचीवही

आधी घरं मोजा. चार माणसांचं घर महिन्याला तीन लिटर नेतं असं धरलं, तर २०० लिटर म्हणजे ६५ ते ७० घरं. विक्री दुप्पट करायची तर आणखी तेवढीच घरं हवीत, आणि तीही टिकणारी. त्यासाठी अख्ख्या तालुक्याला तुमचं नाव कळण्याची गरज नाही. दुकानापासून तीन-चार किलोमीटरमधली ७० घरं हे उद्दिष्ट एकदा पक्कं झालं की फ्लेक्स, रिक्षा आणि १२ पोस्टचं पॅकेज हे तिन्ही प्रश्न आपोआप मागे पडतात. एजन्सीला आत्ता पैसे देऊ नका. तयार चित्रांवर तुमचं नाव टाकून केलेल्या पोस्टमधून एक बाटलीही हलत नाही.

आता दराचा मुद्दा. गिऱ्हाईक परत जातं कारण त्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो. त्याआधीचा हिशोब दुकानात मांडून ठेवा, आणि तो शब्दांत नको, वस्तूंत हवा. काउंटरवर तीन काचेच्या बरण्या ठेवा: पहिलीत अडीच किलो शेंगदाणे, दुसरीत त्यातून निघालेलं एक लिटर तेल, तिसरीत उरलेली साधारण १.४ किलो पेंड. तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, बाकीची थोडी घट ओलाव्यात आणि गाळात जाते. हे आकडे माझे म्हणून लावू नका. स्वतःच्या घाण्यावर तीन वेगवेगळ्या घाणींचं वजन करून सरासरी काढा, कारण दाणा किती वाळलेला आहे आणि लाट (घाण्यात फिरणारा लाकडी दांडा) किती झिजली आहे यावर तेलाचा उतारा बदलतो. करडईला साधारण चार किलो बी लागतं, तिची जोडी वेगळी मांडा.

बरण्यांमागे फळा लावा आणि त्यावर रोज खडूने लिहा. उदाहरणादाखल दाण्याचा भाव १३० धरू. अडीच किलोचे ३२५ रुपये. पेंडीचे ४५च्या भावाने ६३ वजा, राहिले २६२. मजुरी, वीज आणि भाडं मिळून ४०, बाटली-लेबल १५. झाले ३१७. विक्री ३७०. नफ्याचा आकडा वेगळा लिहायची गरज नाही, पण लपवायचीही नाही. बाजारातला दाण्याचा भाव गिऱ्हाइकाला माहीत असतो, त्यामुळे ते मनातल्या मनात गुणाकार करतं आणि "महाग का?" हा प्रश्न तिथेच संपतो. दाणा उतरला की तुमचा दरही उतरवा. फळ्यावर भाव खाली आलेला एकदा जरी दिसला तरी पुढच्या वाढीला कोणी हरकत घेत नाही.

"रिफाइंड निम्म्यात कसं?" असं कोणी विचारलं तर त्या तेलाची निंदा करू नका. मोठ्या कारखान्यात द्रावक (तेल विरघळवून घेणारं रसायन) वापरून पेंडीतलं जवळजवळ सगळं तेल काढून घेतात, घाण्याच्या पेंडीत आठ-दहा टक्के तरी राहतं. शिवाय बाजारातली स्वस्त तेलं बहुधा पाम किंवा सोयाबीनची असतात, शेंगदाण्याची नसतात. एवढं शांतपणे सांगितलं की पुरे.

तिसरी गोष्ट, लहान माप. पहिल्यांदा येणाऱ्याला ३७० रुपयांचा निर्णय घ्यायला लावू नका. २५० मिलीची बाटली ठेवा. दोन दिवसांचा पूर्ण स्वयंपाक किंवा आठवडाभराच्या फोडण्या त्यात होतात. १०० मिली एका दिवसात संपतं आणि चव लक्षात राहत नाही. ही बाटली फुकट मात्र देऊ नका. फुकटची बाटली ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहते, ९५-१०० रुपये दिलेली लगेच उघडली जाते.

निवडुंग

वरचा प्रतिसाद दराबद्दल पुरेसा आहे. मी दुसऱ्या अडचणीवर लिहितो, कारण खरी गळती तिथे आहे. एकदा नेलेलं घर परत आलं नाही तर पुढचा प्रत्येक रुपया गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखा जातो.

न परतण्याची कारणं बहुतेक वेळा ही चार असतात.

फेस. न गाळलेल्या किंवा नीट न निवलेल्या तेलात पुरी-भजी टाकली की फेस वर येतो आणि माणसं घाबरतात. तेलात बारीक कण आणि थोडा ओलावा असतो म्हणून तसं होतं. उपाय: काढलेलं तेल स्टीलच्या टाकीत किमान दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं तेल सुती कापडातून गाळून मगच भरा. घाईत भरलेली एक बाटली पाच घरं घालवते.

तळाशी गाळ. हे त्याच घाईचं फळ आहे. तळताना हे कण करपतात आणि तेल काळं पडतं.

वास. रिफाइंडची सवय असलेल्या घरात दाण्याचा वास आधी खटकतो. पण ताज्या दाण्याचा वास आणि खवट वास यांत फरक आहे. खवटपणा जुन्या दाण्यातून किंवा उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतून येतो. दर्शनी काचेत भरलेल्या बाटल्यांची रांग दिसायला छान वाटते, पण दुपारच्या उन्हात तेच तेल आठवड्या-दोन आठवड्यांत बिघडू लागतं. काचेत मांडायच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यावर "फक्त मांडणीसाठी" असं लिहा आणि त्या कधीही विकू नका.

प्रमाण. हे तेल रिफाइंडइतकंच ओतलं की भाजी तेलकट लागते. तीन-चतुर्थांश घालून बघा असं सांगितलं की चवही जमते आणि दराची बोचही कमी होते.

या चारही गोष्टी पोस्टकार्डाच्या आकाराच्या एका कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा आणि प्रत्येक पहिल्या बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवा: "पहिल्यांदा थोडं कमी घाला. तळताना कढई अर्धीच भरा, आच मध्यम ठेवा. बाटली अंधारात ठेवा. तीन महिन्यांत संपवा. काही खटकलं तर बाटली परत आणा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नाराज गिऱ्हाईक बोलत नाही, नुसतं येणं थांबवतं. परत आलेल्या प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख आणि घाणीचा क्रमांक असेल तर दोष दाण्यात होता की निवळण्यात, ते कळेल.

आता आठवण करून देण्याची पद्धत. दुकानासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा. बिल करताना एकच प्रश्न विचारा: "हे किती दिवस पुरेल?" उत्तर येईल वीस दिवस, महिना, काहीही. त्यानुसार त्या नंबरला लेबल लावा: "१ ते ७", "८ ते १५", "१६ ते २३", "२४ ते अखेर". म्हणजे ज्या आठवड्यात तेल संपणार त्या आठवड्याचं लेबल. दर आठवड्याला फक्त त्या लेबलच्या लोकांना निरोप जाईल. सगळ्यांना एकदम पाठवलेला निरोप नुकतंच तेल नेलेल्याला त्रास वाटतो आणि तो तुम्हाला ब्लॉक करतो. ब्लॉक आणि तक्रारी वाढल्या की नंबरवरच बंधनं येतात.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच निरोप पोचतो. इथेच बहुतेक दुकानदारांचं फसतं. यादी २५० जणांची, निरोप मिळतो ४० जणांना. म्हणून काउंटरवर क्यूआर लावा. तो स्कॅन केला की तुमच्या नंबरवर "नमस्कार, माझं नाव ..." असा तयार निरोप उघडला पाहिजे. ग्राहकाने निरोप पाठवला की तिथेच विनंती करा: "नंबर सेव्ह करता का, भाव उतरला की कळवतो." भाव उतरल्याचं कळवणार असाल तर माणसं आनंदाने सेव्ह करतात.

निरोप छोटा आणि कामाचा ठेवा. उदाहरणार्थ: "शेंगदाणा तेल कालच्या घाणीचं, गाळून मंगळवारी तयार. १ लिटर ३७०. किती बाजूला ठेवू?" शेवटी प्रश्न असला की उत्तर येतं. सुप्रभात, सुविचार आणि सणाच्या शुभेच्छांची चित्रं या नंबरवरून अजिबात जाऊ नयेत. दर, वेळ आणि पत्ता यांची तयार उत्तरं त्याच अ‍ॅपमध्ये साठवून ठेवता येतात, तेवढं पहिल्या दिवशीच करून टाका.

पोटमाळा

गूगलच्या नकाशावरची नोंद फुकट आहे आणि "लाकडी घाणा तेल" शोधणारा माणूस आधीच पैसे द्यायच्या तयारीत असतो, म्हणून ती पहिल्या आठवड्यात करा. नावात फक्त पाटीवर आहे तेच नाव लिहा. "सर्वोत्तम शुद्ध लाकडी घाणा तेल कराड" असं लांबवलं की नोंद निलंबित होऊ शकते. वर्णनात मात्र लोक शोधतात ते सगळे शब्द येऊ द्या: लाकडी घाणा, घाणीचं तेल, कोल्ड प्रेस, वुड प्रेस, शेंगदाणा तेल, करडई तेल.

पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात. न थांबता एकाच चित्रणात रस्ता, शेजारची दुकानं, तुमची पाटी, मग कुलूप उघडणं, आत घाणा आणि परवान्याचा कागद दाखवा. मध्ये थांबवून जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो. फोटो दहा तरी टाका, त्यात दराचा फळा आणि गाडी लावायची जागा नक्की असू द्या.

अभिप्राय दुसऱ्या खरेदीला मागा, पहिल्याला नको. तेव्हा त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही तरी असतं. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा बाटली देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, तसे अभिप्राय काढून टाकले जातात.

इन्स्टाग्रामसाठी एजन्सी नको, फोन पुरे. फोन उभा धरा, लेन्स पुसा, खिडकीचा उजेड घ्या. पहिल्या तीन सेकंदांत तेलाची धार दिसली पाहिजे. मग दाणे निवडणं, लाट फिरणं, पेंड काढणं, शेवटी फळ्यावरचा आजचा दर आणि चौकाचं नाव. एकूण २५-३० सेकंद. वर गाणं लावू नका, घाण्याचा करकर आवाजच राहू द्या, माणूस त्यानेच थांबतो. आठवड्याला एक पुरे.

महिन्याच्या चारपैकी चाललेल्या एका व्हिडिओला पैसे लावा: "मेसेज" हे उद्दिष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारं बटण, दुकानावर पिन टाकून चार किलोमीटरचं वर्तुळ. शहराचं नाव निवडलं तर डीफॉल्टने आजूबाजूचा मोठा पट्टा आत येतो आणि लांबचे लोक विचारून सोडून देतात. दिवसाला २०० रुपये, सात दिवस, म्हणजे १४०० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १६५२. आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं (म्हणजे पैसे लावले) तर ऍपल ३० टक्के वेगळे घेतं, म्हणून ब्राउझरमधून करा. एकूण खर्चाला आलेल्या नव्या घरांनी भागा, लाइकने नाही. एका नव्या घरामागे १५० रुपयांपर्यंत चालेल, कारण ते टिकलं तर दोन-तीन महिन्यांत वसूल होतं.

शिक्कामोर्तब

जाहिरातीत काय लिहायचं नाही हेही बघा, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

"हृदयविकार दूर ठेवतं", "मधुमेहावर गुणकारी", "रक्तदाब नियंत्रणात" असं पत्रकावर, रीलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेही लिहू नका. अन्नपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावे विनियमांत बसत नाही. शिवाय मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग असे आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ खाली बंदी आहे. "कोलेस्टेरॉल नाही" हे वाक्यही मिरवू नका. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे ते तुमच्या तेलाचं वैशिष्ट्य म्हणून सांगणं दिशाभूल ठरतं. "शुद्ध", "नैसर्गिक", "ताजं" या शब्दांनाही त्या विनियमांत अटी आहेत. त्याऐवजी जे दाखवता येतं ते लिहा: "दाणे हाताने निवडलेले", "तारीख अमुकला काढलेलं", "घाणा दुकानात बघायला या".

दाणे निवडण्याबद्दल थोडं जास्त सांगतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. रिफायनिंगमध्ये ते बऱ्याच प्रमाणात निघून जातं, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. म्हणून काळपट, सुरकुतलेले आणि फुटके दाणे वेचून बाहेर काढणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि वेचलेले खराब दाणे एका बरणीत काउंटरवर दिसले तर त्याहून चांगली जाहिरात नाही. ते दाणे पेंडीत किंवा जनावरांच्या खाद्यात मात्र घालू नका. सहा महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून अहवाल भिंतीवर लावा.

लेबलवर परवान्याचा १४ अंकी क्रमांक, हिरवं शाकाहारी चिन्ह, उत्पादन आणि वापराची मुदत, घाणीचा क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, कमाल किंमत हे सगळं हवं. तेलाचं माप लिटरमध्ये देता तेव्हा वजनही लिहायचं असतं. २५० मिलीची बाटली काढणार असाल तर प्रति मिली दरही छापावा लागतो.

पाटीबद्दल: महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी नाव बंधनकारक आहे आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. खांबावर किंवा चौकात परवानगीशिवाय फ्लेक्स लावला तर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली कारवाई होते. तो खर्च वाचवा.

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून आभार. बरण्यांची मांडणी आणि नंबरांना लेबल लावायची पद्धत याच आठवड्यात सुरू करतो.

आणखी चार शंका. पेपरातून पत्रकं टाकणं अजून उपयोगी आहे का? सोसायटीत स्टॉल लावायचा तर किती माल न्यावा? काही जण घरची किटली आणतात आणि सुटं तेल मागतात, ते द्यावं का? आणि सुरुवातीला दहा टक्के सूट ठेवली तर?

गल्लीबोळ

पत्रकं उपयोगी आहेत, पण ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक दिवशीच. वितरकाकडे पहाटे गठ्ठा न्यायचा असतो, त्यामुळे आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि अख्खं गाव घेऊ नका. दुकानाजवळच्या दोन-तीन विक्रेत्यांच्या लाइनी (पेपर टाकायचे ठरलेले मार्ग) निवडा. ऑफसेटवर हजार हा किमान आकडा परवडतो, ए-५ आकार पुरे. रविवारी पेपरात पत्रकांचा ढीग असतो, तुमचं वाचलं जाणार नाही. किराणा भरायचे दिवस धरा, म्हणजे १ ते ५ तारखेतला मधला वार. पाऊस असेल तर पुढे ढकला, ओली पत्रकं विक्रेता वाटेतच टाकून देतो.

पत्रकावर चार तेलं, फायदे, इतिहास असं काही नको. वर एकच ओळ: "अडीच किलो शेंगदाणे, एक लिटर तेल. घाणा बघायला या." खाली तीन बरण्यांचा फोटो, आजचा दर, नकाशावरची खूण म्हणून जवळचं मंदिर किंवा शाळा, वेळ, नंबर, क्यूआर. कोपऱ्यात कापून आणायचं कूपन: "२५० मिलीची बाटली ७५ रुपयांत." प्रत्येक लाइनीच्या पत्रकाला वेगळा रंग द्या. कूपनं मोजली की कुठली लाइन चालली ते कळतं. हजारामागे दहा कूपनं आली तर ती लाइन पुन्हा घ्या, तीन-चारच आली तर सोडा.

सोसायटीत आधी सचिवांची लेखी परवानगी आणि जागेचं भाडं ठरवा. ६० ते १०० फ्लॅटची सोसायटी बघा, रविवारी सकाळी ८ ते ११. माल: २५० मिलीच्या ३०, एक लिटरच्या १२, तीळ आणि खोबऱ्याच्या थोड्या. याहून जास्त नेला तर उन्हात बाटल्या तापतात. टेबलावर पांढरं कापड, त्या तीन बरण्या, आणि चाखायला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि त्यावर कच्चं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल. हा घास खाल्ला की बोलायची गरज उरत नाही. भाकरी घरून करून न्या, लहान तुकडे करून झाकून ठेवा, घालायला वेगळा चमचा. दोन वाट्यांत तुमचं आणि बाजारातलं तेल ठेवून वास घ्यायला लावलं तरी चालतं, मात्र त्या दुसऱ्या तेलाचं नाव घेऊ नका.

स्टॉलची खरी कमाई म्हणजे नंबर. क्यूआर टेबलाच्या पुढच्या कडेला लावा. आणि त्याच सोसायटीत चार आठवड्यांनी पुन्हा जा. एकदाच गेलेला स्टॉल विसरला जातो, दुसऱ्या फेरीत पहिल्या वेळी नुसतं बघून गेलेली माणसं घेतात.

शिक्कामोर्तब

किटलीबद्दल: खाद्यतेल सुटं विकायला नियमाने मनाई आहे, ते बंद आणि लेबल लावलेल्या पॅकमधूनच विकायचं असतं. राज्य सरकार काही बाबतींत सूट देऊ शकतं, पण लेखी काही हातात नसताना देऊ नका. पाच लिटरचा कॅन लेबलसह काढा, किटलीवाल्यांची गरज त्यात भागते. ग्राहकाने स्वतःचे दाणे आणले आणि तुम्ही काढणावळ घेऊन तेल काढून दिलं तर ती तेलाची विक्री होत नाही, तो मार्ग मोकळा आहे.

हिशोबाचीवही

तो मार्ग नुसता मोकळा नाही, तीच तुमची सगळ्यात मोठी जाहिरात आहे. आजूबाजूच्या गावांत भुईमूग होतो, घरच्या शेंगा असलेली शेकडो घरं आहेत. "तुमचे दाणे, तुमच्यासमोर तेल" अशी पाटी लावा. आठवडे बाजाराचा दिवस धरा, कारण त्या दिवशी गावाकडची माणसं शहरात येतातच. नियम ठरवून भिंतीवर लिहा: किमान १० किलो, दाणे सोललेले, वाळलेले आणि खडे काढलेले, वजन ग्राहकासमोर आधी आणि नंतर. काढणावळ रोख द्यायची किंवा पेंड सोडायची, हा पर्याय त्यांच्याकडे ठेवा. ओले दाणे परत करा. त्यातून तेल कमी पडतं आणि दोष तुमच्या घाण्यावर येतो. नंबर लावून वेळ द्या, एका घाणीला पाऊण ते एक तास लागतो आणि तेवढा वेळ ते कुटुंब तुमच्या दुकानात बसलेलं असतं. बाकीची गिऱ्हाइकं ते बघतात.

सूट नको. ३७०वर दहा टक्के म्हणजे ३७ रुपये. वरच्या हिशोबात तुमच्याकडे राहणारे ५३ आहेत, त्यातले १६ उरतील. शिवाय फळ्यावर खरा हिशोब मांडलेला असताना सूट दिली तर "मग आधी जास्त घेत होते का?" हा प्रश्न येणारच. कूपनाची ७५ रुपयांची लहान बाटली वेगळी, ती एकदाच आणि नव्या घराला. जुन्यांना द्यायचंच असेल तर पाच लिटर एकदम घेतल्यावर अर्धा किलो पेंड द्या.

पेंडीकडे तुम्ही अजून जाहिरात म्हणून बघितलेलं दिसत नाही. महिन्याला २०० लिटर तेलामागे अडीचशे ते तीनशे किलो पेंड निघते. गवळी आणि दुभती जनावरं असलेली घरं ती पोत्याने नेतात, त्यांचे नंबर वेगळ्या लेबलखाली ठेवा. उरलेल्यातून एक किलोची पाकिटं करा आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना विका. ती माणसं पेंड पाण्यात भिजवून, पातळ करून झाडांना घालतात, आणि त्यांचे बागेचे ग्रुप असतात. दहा-बारा पाकिटं स्टॉलवर ठेवा, बागवाल्यांमागून स्वयंपाकघरही येतं. पावसाळ्यात मात्र पेंड लवकर बुरसटते. जमिनीवर नको, फळीवर ठेवा, आणि आठवड्यात जाईल तेवढीच साठवा.

निवडुंग

सणांचं एवढंच जोडतो. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगासाठी तिळाच्या तेलाच्या १०० मिलीच्या बाटल्या दसऱ्यापासून काउंटरवर ठेवा. लेबल खाद्यतेलाचंच राहू द्या, अंगाला लावायचं उत्पादन म्हणून विकायला गेलात तर वेगळे नियम लागतात. फराळाच्या तळणीसाठी शेंगदाणा तेलाची मागणी कोजागरीनंतर एकदम चढते. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात, त्यात निवळायला तीन दिवस जाणार. म्हणून दसऱ्यालाच यादीला विचारा, "फराळाला किती लिटर ठेवू?" आणि आलेल्या मागणीवर दाणे भरा. मे-जूनमध्ये लोणच्यासाठी असंच विचारायचं. मागणी न विचारता आधीच काढून ठेवलेलं तेल सणानंतर उरतं, मग ते जुन्या तारखेचं म्हणून कमी भावात काढावं लागतं आणि फळ्यावरचा हिशोब मोडतो. साध्या महिन्यांतही तीन आठवड्यांत खपेल त्याहून जास्त तेल काढून ठेवू नका.